बांगडीच्या आधीचे हात

आर्णीच्या अमिनाबीला माणसं चेहऱ्यानं लक्षात राहायची नाहीत, हातानं राहायची. बाजारात कुणी बाई हसून "काय व अमिनाबी, वळखलं नाही काय?" म्हणाली की ही बिचारी तिच्या तोंडाकडे बघत नुसतीच गोंधळायची. मग बाईनं हात पुढं केला की लागलीच, "अव बाप्पा, तू तं मारोतीची सून! अंगठ्याचं हाड आडवं येते तुह्यं. मांगच्या खेपेले किती रडली होतीस!" असं सगळं धडाधड बाहेर यायचं. लोकांना याची गंमत वाटे. तिला वाटत नसे. तिचं म्हणणं, तोंड काय, कोणीही सजवून आणतं. हात बिचारा जसा असतो तसाच येतो.

ती मनियारीण. बांगड्या भरणं हा तिच्या सासरचा धंदा. नवरा मोहिउद्दीन बाजारात दुकान मांडून बसे आणि अमिनाबी डोक्यावर टोपली घेऊन अरुणावती नदीच्या अलीकडची पलीकडची खेडी पालथी घालत असे. सासू शमसुन्निसानं धंदा हाती देताना तिला दोनच गोष्टी शिकवल्या होत्या. एक, पुढं आलेला हात रिकामा परत धाडायचा नाही. मापाची काच नसो, बाईचा हात तंग असो, एक तरी बांगडी चढवूनच हात सोडायचा. दुसरी, ज्या हाताच्या चुड्या ठंड्या झाल्या, तो हात धरायचा नाही. ठंड्या झाल्या म्हणजे नवरा गेला. बांगडी फुटली असं सरळ कोणी म्हणत नाही, हे तुम्हाला ठाऊकच आहे. हिंदूच्या घरी ती वाढते, मुसलमानाच्या घरी ती ठंडी होते. काच मात्र दोन्हीकडे सारखीच बोचते.

या दोन शिकवणी अमिनाबीच्या पोटात वर्षानुवर्षं सुखानं नांदल्या. त्यांना भांडायला कारणच नव्हतं. विधवा बाई मनियारणीपुढं हात करते कशाला? टोपली दारात आली की ती आपसूक घरात जाते, चुलीपाशी काहीतरी काम काढून बसते. तिला आत जा म्हणून कोणी सांगायचीही गरज पडत नाही. असं सगळं ज्याच्या त्याच्या जागी बसलेलं होतं.

पळसखोरी हे तिच्या फेरीतलं शेवटचं गाव. फाल्गुनात तिथं सगळं रान पळसानं लाल होई, एरवी मोहाची नि सागाची दाट झाडी. गावामागं टेकडी, टेकडीच्या पोटात गुफा आणि गुफेच्या भिंतीवर हात. गेरूच्या रंगाचे, उघडे, बोटं फाकलेले हात. कोणी केले, केव्हा केले, कोणाला माहीत नाही, आणि ज्या गोष्टीचं कोणालाच काही माहीत नसतं तिच्याबद्दल गाव किती खात्रीनं बोलतं ते विचारू नका! पळसखोरीच्या मते ते सात सतींचे हात होते. सात बहिणी नवऱ्यामागं जळाल्या आणि जाता जाता भिंतीवर हात ठेवून गेल्या. म्हणून तिथं सवाशिणीनं ओटी न्यायची आणि विधवेनं सावलीसुद्धा पडू द्यायची नाही. अमिनाबीला ऐकल्यापासून वाटे, ते पंजे आहेत. मोहरमात सवारीवर चांदीचा पंजा असतो ना, तसे, करबल्याच्या शहिदांचे. ती वर कधी चढली नव्हती, पण टेकडीखालून जाताना टोपली एका हातानं सावरून दुसरा हात कपाळाला लावी. गाव सतींना हात जोडी, ही पंजांना सलाम करी, आणि वरचे हात दोघांचंही गुपचूप ऐकून घेत. गुराख्यांना मात्र ना सतीचं ना करबल्याचं. गुफेच्या तोंडाशी गारगोटीच्या धारदार चिपा सापडत, त्या चकमकीला फार चांगल्या, म्हणून ते कनवटीला बांधून नेत.

छप्पन सालच्या दसऱ्याला पळसखोरीचा महारवाडा नागपूरला गेला आणि परत आला तो बुद्धवाडा होऊन. घराघरातले देव टोपल्यांत भरले, नाल्यात नेऊन सोडले. तुळसाबाईनं, म्हणजे गोविंदाच्या मायनं, देव्हारा पुसून तिथं बाबासाहेबांची तसबीर लावली आणि म्हणाली, "आता मोकळं वाटते." गोविंदाची बायको कौसल्या तेव्हा त्या घरात नवी नवरी होती. अमिनाबीच्या लक्षात राहिलेला तो हात असा: लांब बोटं, कामानं कडक झालेला तळवा, मऊ मनगट. आणि हट्ट भारी. "सैल नोको मले चाची. अंगठा मोडला तं मोडू दे, पन तंग भर. वाजली पायजे." (वऱ्हाडात बाईसुद्धा 'मी जातो, मी करतो' म्हणते, तेव्हा पुढं कौसल्या तसं बोलली तर पुणेकरांनी दचकू नये.) हिरवीगार काच भरून ती उठली की नुसतं लुगडं सावरतानाही खळखळ करायची. तुळसाबाई आतून ओरडायची, "अवं, घर हाये का बाजार हाये हे!" आणि ओरडताना हसायची.

साठच्या पावसाळ्यात गोविंदा तापानं गेला. देव टोपलीत बसून गेले होते, पण बांगड्या फोडायची रीत काही त्या टोपलीत मावली नव्हती. ती घरातच राहिली होती, कोणाला न दिसता. नाल्याच्या काठावर दगडावर कौसल्याचे हात ठेवून तुळसाबाईनंच त्या फोडल्या. तिच्या स्वतःच्या तर गोविंदा मांडीवर असतानाच गेल्या होत्या. कशा फोडायच्या हे तिला कोणी दाखवायची गरज पडली नाही.

नंतरच्या संक्रांतीला अमिनाबी पळसखोरीत आली. पद्धत अशी की आधी वरच्या आळीत पाटलांच्या विमलताईकडं बसायचं, तिथलं सगळं आटोपलं की मग बुद्धवाड्यात. मधे उलटसुलट झालेलं विमलताईला खपत नसे. दुपारी अमिनाबी तुळसाबाईच्या ओसरीवर टेकली. पोरीबाळी, सुना भोवती जमल्या, टोपलीवरचं फडकं निघालं, उन्हात काच चमकली आणि आतून कौसल्या आली. आली ती सरळ बसली आणि हात पुढं केला.

अमिनाबीनं तो धरला. सवयच ती! बोटं आपोआप अंगठ्याखालचं मांस दाबू लागली, माप ओळखू लागली. आणि मग ओसरीवरची कुजबूज थांबली, तेव्हा तिला कळलं की आपण काय धरलं आहे.

"चाची, हिरव्या दे," कौसल्या म्हणाली.

"बेटी... तुले तं माहीत हाये."

"काय माहीत हाये?"

दारातून तुळसाबाई म्हणाली, "ऊठ." एवढंच. अमिनाबीनं हात सोडला. कौसल्या तो सोडलेला हात थोडा वेळ तसाच अधांतरी धरून बसली, मग उठून आत गेली. त्या दिवशी शमसुन्निसाची एक शिकवण पाळली गेली आणि एक मोडली, आणि मोडली तीच रस्ताभर अमिनाबीच्या बरोबर चालली.

घरी मोहिउद्दीन म्हणाला, "तू काही गुन्हा केला नाही. तिच्या हातात काच भरली अस्ती तं दुसऱ्या दिवशी त्या गावात कोनी तुले दारात उभं केलं अस्तं काय?" तो चूक नव्हता. पण अमिनाबीला जेवताना, दिवा लावताना, दोरीला बांगड्या ओवताना तो अधांतरी हात दिसत राहिला. नमाजानंतर दुवा मागायला हात उघडले की वाटे, आपणही तेच करून राह्यलो. पुढं हात करून बसलो. आणि वरचा जर म्हणाला, तुले तं माहीत हाये?

माघात बातमी आली की पळसखोरीच्या टेकडीवर तंबू पडले. नागपूरकडून कोणी साहेब आले होते, जुन्या काळच्या वस्तू शोधणारे. गुफेतली माती खणायला माणसं पाहिजे होती. वरच्या आळीतल्या बायांनी सतींच्या भीतीनं नाही म्हटलं, बुद्धवाड्यातल्या बाया गेल्या. कौसल्याही गेली. विधवेची सावली पडू नये अशा जागी ती रोज दिवसभर माती चाळू लागली, आणि टेकडीला काही झालं नाही, सूर्य रोजच्यासारखा मावळला.

फाल्गुन संपता संपता अमिनाबी एक दिवस टोपली घेऊन टेकडी चढली. कोणी विचारलं तर म्हणायला होतं, कामावरच्या बायांना बांगड्या लागतील. माती उकरताना काच फुटतेच की. खरं कारण तिला तरी नीट कुठं ठाऊक होतं?

वर मोहाचा वास दाटलेला होता. गुफा म्हणजे भुयार नव्हतं; डोंगरानं जरा तोंड उघडलं होतं, इतकंच. आत सावली, थंड, जुन्या धुराच्या वासाची. डोळे सरावेपर्यंत काही दिसेना. मग एक हात दिसला. मग त्याच्या शेजारी दुसरा. मग एकदम सगळे, वर, खाली, एकात एक शिरलेले, जणू आतून खूप बाया एकदम भिंतीशी आल्या होत्या आणि भिंत पातळ होती. अमिनाबीनं सलाम करायला हात उचलला आणि तो कपाळापाशी पोचलाच नाही. हे पंजे नव्हते, हात होते. कोणी अडीच मापाची, कोणी सव्वादोनची. एका पोरीचा तर इतका लहान की तिच्या टोपलीत त्या मापाची काचच नव्हती. तळव्याची रुंदी, करंगळीचा कल, सारं वाचता येत होतं. बाजारात भेटणाऱ्या बायांसारखे ते तिच्यासमोर होते. वळखलं नाही काय, म्हणत.

चश्मेवाले साहेब मातीत बसून ब्रशानं एक चीप साफ करत होते. भला माणूस होता. टोपली बघून हसला, "या, बसा" म्हणाला. हातावर चीप ठेवून दाखवली. गारेचं पातं, नखाएवढं, अजून धार असलेलं. "हे पूर्वी इथं राहणाऱ्या माणसांचं हत्यार," तो म्हणाला. "यानं ते मांस कापत, कातडं सोलत. आणि चित्रंही त्यांचीच असावीत. त्या वेळी हे गाव नव्हतं. शेती नव्हती. लोखंड नव्हतं. किती हजार वर्षं झाली, ते अजून सांगता येत नाही."

"लोखंड नोतं? मंग विळा?"

"नव्हता."

अमिनाबीला विचारायचं होतं ते फार बावळट वाटत होतं. शेवटी विचारलंच. "साहेब, बांगड्या होत्या काय जी?"

साहेबांनी भिंतीकडं बघितलं. असं त्यांना कोणी विचारलं नसावं. "पुढं केव्हातरी लोक शिंपल्याच्या, हाडाच्या घालू लागले. पण हे हात... मला वाटतं बांगडीच्या आधीचे असावेत. खात्रीनं नाही सांगता येणार, बाई."

चाळणीपाशी कौसल्या बसली होती. तिनं ऐकलं. चाळणी क्षणभर थांबली आणि पुन्हा हलू लागली. तिनं अमिनाबीकडं पाहिलं नाही.

दुपारी काम थांबलं. बाया फडक्यातली भाकर खाऊन मोहाखाली आडव्या झाल्या. अमिनाबीही टोपलीला डोकं टेकवून पडली. वारा पडला होता, पिकलेलं मोहफूल मधूनच टप्पकन पडत होतं, आणि कुठं जागेपण संपलं आणि कुठं झोप लागली ते तिला कळलं नाही. तिच्यासमोर बाया ओळीनं बसल्या होत्या. तोंडं नव्हती, किंवा होती पण तिला नेहमीप्रमाणं ती दिसत नव्हती. एकेक जण हात पुढं करत होती, ती धरत होती. हात मातीचे नव्हते, दगडाचेही नव्हते, ऊबदार होते. तिनं शिकल्याप्रमाणं मनगट पाहिलं. घासलेली जागा नाही, वळ नाही, काचेची कधी सवयच नाही. या सवाशिणी की कोण? ती घाबरली. कोपऱ्यात शमसुन्निसा पदरानं बांगड्या पुसत बसली होती, मेली त्या साली नेसायची तीच निळी साडी नेसून. अमिनाबीनं तिला विचारलं, "अम्मा, इनमें सवाशीण कौन सी? किसकू भरूं?" म्हातारी कधीही धड उत्तर देत नसे, तेव्हाही दिलं नाही. "मेरे कू क्या पूछती? हाथ तेरे हाथ में है ना?" आणि बांगड्या पुसत राहिली. अमिनाबी एकेक हात भरत गेली. टोपली संपेना, हात संपेनात, आणि तिला कसलीही घाई नव्हती. इतकं बरं तिला कितीतरी दिवसांत वाटलं नव्हतं.

जागी झाली तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. बाकीच्या बाया अजून निजलेल्या. कौसल्या दिसेना. अमिनाबी टोपली उचलून गुफेत गेली. कौसल्या भिंतीशी उभी होती. एका हातावर तिनं आपला तळवा ठेवला होता, तंतोतंत नाही बसला, तिची बोटं थोडी पुढं जात होती.

"कोनाचा असन चाची?"

"बाईचा. अंगावर दूध असन तेव्हाचा. हात सुजतो थोडा."

कौसल्या हसली. "इले नवरा असन का नसन?"

"अल्ला जाने." अमिनाबीनं टोपली खाली ठेवली, फडकं बाजूला केलं, मधली हिरवी दोरी सोडली. "बैस. इथं कोनी नाही. मी भरतो तुले. मनभर भरून देतो."

कौसल्या बसली नाही. काचेकडं तिनं असं पाहिलं की बघवेना. डोळे भरले, तरी हात पाठीमागं नेला.

"इथं भरशीन, तं इथंच काढून ठेवा लागनं. मंग रोज इथं येऊ काय? गुफेत घालू अन् गुफेतच काढू?"

"घरी लपवून..."

"बांगडी लपते काय चाची? वाजतेच ते." ती थांबली, मग एकदम बोलत सुटली, कोणी तिला अडवत नव्हतं तरी अडवल्यासारखी. "तुले सांगू, मले गोविंदाची आठवन येते म्हनून नाही पायजे मले. लोकं तसंच समजतीन. मले माहीच आठवन येते. घरात मी चालतो, भाकर थापतो, पानी भरतो, अन् आवाजच नाही. कधी कधी वाटते, मीच गेलो त्याच्या संगं, अन् घरात दुसरंच कोनी काम करून राह्यलं. सासूचं बी तसंच हाये. आम्ही दोघी घरात असतो अन् घर रिकामं असते. बाबासाहेबांनी देव काहाडले, भेव काहाडलं, मंग हे काहून राह्यलं? तू ओसरीवर नाही म्हटलं मले. साऱ्याइच्या समोर. भरायचं तं ओसरीवरच भर."

अमिनाबीनं हिरवी दोरी पुन्हा बांधली. खाली उतरताना ती स्वतःशीच बडबडत होती. मोठी आली शहाणी! ओसरीवर भर म्हणे! हिचं काय जातंय? एका हातासाठी मी सारं गाव घालवू? वरच्या आळीचं एकेक लग्न म्हणजे टोपली रिकामी होते माझी! पोरीची जात, नवऱ्यामागं तोंड वाढलं नुसतं! टेकडी उतरेपर्यंत तिनं कौसल्याला नाही नाही ते बोलून घेतलं. खाली आली तेव्हा रागाचं काहीच उरलं नव्हतं, नुसती भीती होती, आणि भीतीला काही शिव्या देता येत नाहीत.

चैत्रात बुद्धवाड्यात बाबासाहेबांची जयंती. गेल्या काही वर्षांत हा त्यांचा मोठा सण झाला होता. घरं सारवायची, पांढरी लुगडी, निळी निशाणं, आणि बायांना नव्या बांगड्या. जयंतीच्या आदल्या दिवशी अमिनाबी पळसखोरीत आली. विमलताईच्या ओसरीवर पाटावर बसून बाया वाट बघत होत्या. अमिनाबी त्यांच्या समोरून गेली. थांबली नाही. विमलताईनं हाक मारली, "अवं अमिनाबी, तिकडे कुठं? उन्हानं भेलकांडली काय?" अमिनाबी मान खाली घालून तशीच बुद्धवाड्याकडं गेली आणि तुळसाबाईच्या ओसरीवर जाऊन टेकली. टोपलीवरचं फडकं काढलं.

"कौसल्या," तिनं हाक दिली. "बाहेर ये."

कौसल्या आली. पिठानं भरलेले हात तिनं पदराला पुसले आणि बसली. तुळसाबाई दारात येऊन उभी राहिली. अंगणात बाया जमत होत्या, विमलताईची मोलकरीण कुंपणाशी येऊन थांबली होती. अमिनाबीनं कोणाकडं पाहिलं नाही. तिला चेहरे कधी लक्षात राहत नसत, आज तर ते नकोच होते. तिनं तो हात मांडीवर घेतला, अंगठा तळव्याशी मिटवला, हाडं सैल केली. पहिली बांगडी अडली. कौसल्यानं ओठ चावला. "मोडू दे," म्हणाली. आणि बांगडी चढली. मग दुसरी. मग एकामागून एक हिरवी काच मनगटावर येत गेली, आणि प्रत्येक वेळी होणारा तो छोटासा आवाज अंगणात सगळ्यांना ऐकू गेला. दुसरा हात भरून झाल्यावर कौसल्यानं रिवाजाप्रमाणं वाकून मनियारणीला हात जोडले, आणि अमिनाबीला रडू फुटलं. ओसरीवर, साऱ्या गावासमोर, टोपलीवर डोकं ठेवून ती मोठमोठ्यानं रडली.

मग व्हायचं ते झालं. विमलताईचा निरोप आला, त्या टोपलीतली काच आमच्या कामाची नाही. वरच्या आळीतल्या एकाही बाईनं हात पुढं केला नाही. बुद्धवाड्यातल्यासुद्धा सवाशिणी कचरल्या. उगीच कशाला, म्हणून त्या वर्षी जुन्याच बांगड्यांवर जयंती झाली. मिरवणुकीत कौसल्या एकटीच हिरव्या नव्या बांगड्या घालून चालली. अमिनाबी भरली टोपली घेऊन आर्णीला परतली. मोहिउद्दीन रागानं कित्येक दिवस तिच्याशी बोलला नाही, नंतर बोलला तेव्हा एवढंच म्हणाला, "आता ते गाव सोड."

तिनं सोडलं नाही. तंबू उठले, साहेब चिपा पेट्यांत भरून निघून गेले, गुफेत पुन्हा गुराखी बसू लागले. गाव पुन्हा सांगू लागलं, सात सती. अमिनाबी वर्षातून दोनदा, संक्रांतीला आणि जयंतीला, पळसखोरीला यायची, एका घरासाठी, एका जोडी हातांसाठी. चार कोस जायचं, चार कोस यायचं. मोहिउद्दीन कपाळाला हात लावी. हळूहळू बुद्धवाड्यातल्या दोन-तीन पोरी तिच्याकडं भरू लागल्या. वरची आळी काही परतली नाही, दुसरा मनियार धरला त्यांनी. या सगळ्या दिवसांत तुळसाबाई तिच्याशी एक शब्द बोलली नाही. अमिनाबी आली की उठून आत जायची आणि चुलीपाशी काहीतरी काम काढून बसायची.

असं करत तिसरी की चौथी जयंती आली. कौसल्याचे हात भरून झाले होते, ती पाणी आणायला निघून गेली. अमिनाबी दोऱ्या गुंडाळत होती. आतून तुळसाबाई आली आणि तिच्या समोर बसली. अमिनाबीला वाटलं, आता ही बोलणार, इतक्या वर्षांचं साठलेलं सगळं बोलणार. ती मान खाली घालून दोऱ्या गुंडाळत राहिली.

तुळसाबाईनं हात पुढं केला. दुसरीकडं बघत. हात म्हाताऱ्या बाईचा, कातडी सुरकुतलेली, सांधे मोठे, मनगट हाडाला लागलेलं. इतकी वर्षं काचेवाचून राहिलेला हात अमिनाबीनं कधी हाती घेतला नव्हता. असे हात तिच्यापुढं येतच नसत. तिनं टोपलीतून सगळ्यात मोठ्या मापाची काच काढली. अंगठ्याखालचं हाड हलकेच दाबून तिनं विचारलं,

"दुखन काय मावशी?"

"दुखू दे," तुळसाबाई म्हणाली. "पन जरा हळू धर. गोविंदाचा बाप गेला तवापासून याले कोनी धरलंच नाही."